१२ हजार रुपये आणि कापडाचं गाठोडं: शिलाई मशीन निवडतानाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

शेजारच्या काकू महिनाअखेरीस मुलाकडे पुण्याला चालल्या. म्हणजे त्यांचं मशीनही चाललं. गेली दोन वर्षं रविवारी दुपारी तीन ते पाच त्यांच्या बाल्कनीत बसून मी जे काय शिवलं, ते सगळं त्यांच्या मशीनवर. आता स्वतःचं घ्यायला हवं. ठरवलेली रक्कम १२,००० रुपये, त्यात सुया, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) सगळं धरून. वही त्यासाठीच सुरू केली आहे, कारण मी दुकानात गेले की समोरचा जे दाखवेल ते मला आवडतं.

मागच्या वर्षभरात काय शिवलं ते डायरीतून काढलं. युनिफॉर्मच्या सूटिंगच्या कटपीसमधून २३ पिशव्या. ११ उशीचे अभ्रे, ४ परकर, २ कुर्ते (एकाची बाही उलटी लागली, तो आता फरशी पुसायला). ब्लाउज उसवून सैल करणं सहा-सात वेळा. पडद्यांच्या दुमडी. शिवाय एक गोधडी, अजून अर्धीच. म्हणजे दहातली नऊ कामं सरळ टिपेची. झिगझॅग लागतं ते फक्त कडेचे धागे सुटू नयेत म्हणून, आणि ते मी आतापर्यंत कोपऱ्यावरच्या इंटरलॉकवाल्याकडून करून घेत आले. फुलापानांचे टाके मला वर्षभरात एकदाही लागले नाहीत.

यंदा एक नवं काम आहे. वहिनीला जुलैअखेरची तारीख दिली आहे. बाळाची झबली, टोपडी, दुपटी मी शिवणार असं मी सगळ्यांना सांगून बसले. आईने लगेच फोनवर बजावलं, बाळ यायच्या आधी नवं काही शिवायचं नाही. म्हणजे बाळ झाल्यापासून बारशापर्यंत बारा दिवस. त्याआधी मशीन घरात हवं आणि हाताला बसलेलं हवं.

१२ जून

भाच्याने मोबाइलवर मिनी मशीन दाखवलं, १,४०० रुपये, “मावशी, आजच मागव.” पतसंस्थेतल्या मैत्रिणीकडे तसलं एक धूळ खात पडलं होतं, ते जेवणाच्या सुट्टीत लावून बघितलं. साध्या सुती कापडाच्या दोन घड्या शिवतं, तिसऱ्या घडीला रडतं. तिच्याकडे स्टेपलरसारखं हातात धरायचंही एक आहे. त्याची टीप एकाच दोऱ्याची, साखळीसारखी. शेवटचं टोक गाठ मारून पक्कं केलं नाही, तर तेच टोक ओढलं की सगळी शिवण सरसर सुटते, धान्याच्या पोत्याचं तोंड सुटतं तशी. विषय संपला.

१६ जून, रविवार

सोलापुरातच नवी पेठेतलं दुकान. काउंटरवर पाच मशीनं मांडलेली, सगळी पांढरी, प्रत्येकावर रंगीत स्टिकर. विक्रेता मुलगा चुणचुणीत. “मॅडम, यात सात टाके, चौदा फंक्शन. यात तेरा टाके, एकवीस फंक्शन.” टाके सात आणि फंक्शन चौदा कशी, म्हणून विचारलं. तोच टाका वापरून चेन लावली की एक फंक्शन, रफू केला की दुसरं, दुमड घातली की तिसरं. आमच्या घरात चमचे बारा आहेत, पण त्यांनी वाढता येतं, ढवळता येतं आणि डब्याचं झाकणही उघडता येतं. त्या हिशोबाने छत्तीस फंक्शन झाली.

त्याने पट्टीएवढं कापड घेऊन झरझर टीप मारून दाखवली. देखणी टीप. कापड हातात घेतल्यावर कळलं: खळ दिलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक, वर दोन पदरी. असल्या कापडावर कुठलंही मशीन गुणी दिसतं. मी माझी मलमलची ओढणी पुढे केली. तो म्हणाला, “याच्यावर नको मॅडम, खराब होईल.” माझीच ओढणी, होऊ दे खराब. टीप सुरू केली आणि ओढणीचं टोक सुईबरोबर खाली, प्लेटच्या भोकात. ओढून काढलं तर कोपरा चोळामोळा.

घरी येऊन विचार केला तेव्हा जाणवलं की यात मशीनचा दोष थोडाच होता. झिगझॅग मशीनच्या प्लेटला सुईसाठी आडवी फट असते, कारण सुई डावी-उजवीकडे जाते. मऊ कापड त्या फटीत दबतं. सुई जाड असेल, बहुतेक १६ नंबरची होती, तर जास्तच. सुई ११ नंबरची हवी, सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायला हवीत, फारच मऊ असेल तर खाली वर्तमानपत्राचा कपटा ठेवून शिवायचं आणि मागून फाडून टाकायचा. काकूंनी शिकवलेलं सगळं, पण दुकानात त्या पांढऱ्या रांगेसमोर एकही आठवलं नाही.

१९ जून

म्हणून गाठोडं बांधलं. पुढच्या प्रत्येक दुकानात हेच घेऊन जायचं.

आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, कारण बाळाचं पहिलं झबलं असल्याच कापडाचं होणार. जुन्या टी-शर्टची होजिअरी, ताणलं जाईल अशा दिशेने कापलेली. युनिफॉर्मचं सूटिंग, चार पदर, आणि एका टोकाला पिशवीचा बंद ठेवून सहा-सात पदरांचा उंचवटा. सोलापुरी चादरीची फाटकी कड, दुमडून. सिंथेटिक साडीचा काठ, कारण तो निसटतो. लाल आणि निळा दोरा, सारख्याच जाडीचे: लाल वर, निळा बॉबिनमध्ये. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल दिसला तर कमी. मशीन काय म्हणतं ते दोन रंगांत लगेच कळतं.

२३ जून, रविवार

यांच्या मित्राच्या ओळखीने अक्कलकोट रोडला एका युनिफॉर्मच्या कारखान्यात गेलो. सोलापूरचा हा एक फायदा. इथे शाळेचे युनिफॉर्म शिवणारे इतके, की शाळा उघडल्या आणि घाई ओसरली की जुनी मशीनं विकायला निघतात. जपानी बनावटीचं सिंगल नीडल, म्हणजे एका सुईचं कारखान्यातलं मशीन, टेबल आणि क्लच मोटरसकट १४,५०० रुपये.

बसले आणि मोहात पडले. चार पदरी सूटिंग त्याला जाणवलंच नाही. बंदाचा उंचवटा आला तरी आवाज बदलला नाही. गुडघ्याने एक दांडी ढकलली की प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलला जातो, दोन्ही हात कापडावरच राहतात. ही सोय घरगुती मशीनला का नाही, या रागात मी पाच मिनिटं नुसती दांडीच ढकलत बसले.

मग गाठोड्यातलं धोतर काढलं. टीप पडली, पण चुण्यांसकट. कापड पुढे सरकवणारे दाते जाड कापडासाठी लावलेले, सुईही जाड. बदलता येतं म्हणाले. पण झिगझॅग नाही, काज नाही. हे यंत्र एकच काम करतं, मिनिटाला साडेचार-पाच हजार टाक्यांच्या वेगाने. घरगुती मशीन सातशे-हजारावर थांबतं. क्लच मोटर शिवत नसतानाही घूं घूं करत फिरत राहते. सुई गोल दांड्याची, घरगुती मशीनच्या चपट्या दांड्याच्या सुया इथे चालत नाहीत, इथल्या तिथे नाहीत. टेबल चार फुटी, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना वळणाचा.

तिथे शिवणाऱ्या एका बाईंनी माझं पेडल दाबणं बघितलं. मी जरा दाबलं की कापड वीतभर पुढे. त्या हसल्या, “अक्का, ही मशीन पळायसाठी हाय. तुमाला मधी मधी थांबून बघायचं असतंय.” खरं होतं. मी दर चार टाक्यांनी थांबून बघते.

क्लचऐवजी सर्वो मोटर लावली तर वेग कमी करता येतो आणि वीजही फक्त शिवताना लागते, पण तो खर्च वेगळा. पैसे जास्त, जागा नाही. नाही म्हणून आले. परत येताना सात रस्ता चौकापर्यंत मी तेच तेच बोलत होते, असं यांचं म्हणणं आहे.

३० जून, रविवार, बार्शी

आईचं काळं पायमशीन. १९८३ मध्ये भिशीचे पैसे लागले त्यात घेतलेलं. सोनेरी नक्षी हात लागून लागून पुसली गेली आहे, पण जिथे हात जात नाही तिथे, खांबाच्या आतल्या बाजूला, एक वेल अजून झळझळीत आहे. चाक हलत नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तरी जागचं हलेना. गेली आठ-नऊ वर्षं वर कापड टाकून त्याचं टेबल झालंय, वर टीव्हीचा सेटटॉप बॉक्स.

“बंद कसं पडलं?” आईला विचारलं.

“हळूहळू जड झालं. मी तेल घालायची की.”

“कुठलं तेल?”

“घरात असतं ते. खोबरेल.”

झालं. खोबरेल तेल थंडीत गोठतं हे डोक्याला लावणारी प्रत्येक बाई जाणते, आणि उरलेलं वर्षांनुवर्षं वाळून चिकट लाखेसारखं होतं. मशीनचं तेल पातळ, रंगहीन असतं ते याचसाठी.

खणात सापडलं: फॉलची न उघडलेली तीन पाकिटं, धातूच्या नऊ बॉबिन, गंजलेल्या सुया, माझ्या शाळेच्या बिल्ल्याची पिन. सुयांवरून हात फिरवून टाकून दिल्या. बॉबिन ठेवल्या.

स्टँड लोखंडी, तो आणायचा तर टेम्पो हवा. पण वरचं मशीन सुटं होतं. मशीन मागे कलतं केलं की बिजागऱ्यांच्या दोन खिट्या दिसतात, त्यांचे स्क्रू सैल केले की मशीन वर उचलून येतं. चामड्याचा पट्टा आधी काढायचा. बारा किलोच्या आसपास भरलं. गव्हाच्या पोत्यात गुंडाळून एसटीत पायाशी ठेवलं. कंडक्टरने विचारलं, “काय आहे?” आईचं मशीन म्हटल्यावर म्हणाला, “राहू द्या, पाय तेवढे सांभाळा.”

२ जुलै

पूर्व भागातले मिस्त्री. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, मशीनशी मधूनच कन्नड. दुकान म्हणजे एक शटर, आत तीस-चाळीस मशीनांचे सांगाडे. त्यांनी चाकाला हात लावला, बोटाने भोकातला चिकटा काढून हुंगला आणि माझ्याकडे बघितलं.

“खोबरेल.”

मी आईचं नाव घेतलं नाही. माझ्याच माथी.

डिझेलमध्ये भिजवून ठेवतो म्हणाले, रोज थोडं हलवायचं, जोर करायचा नाही. वरच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंफतं त्या शटलच्या टोकावर बारीक खरचटा होता, तिथे दोरा अडकून तुटतो. तो घासून गुळगुळीत करून देणार. दुरुस्ती ९०० रुपये. स्टँड बार्शीला, म्हणून छोटी मोटर आणि पेडल, १,४००. मोटर बसवायला मशीनच्या मागे बोल्टचं भोक लागतं, ते आहे. लाकडी बैठक ६५०. एकूण २,९५०.

नवीन कुठलं घ्यावं हेही विचारून घेतलं. त्यांनी ब्रँड सांगितला नाही. म्हणाले, “सिंगर, उषा, ब्रदर, कुठलंबी घ्या. मला एकच सांगा, बिघडली तर कुणाकडं नेणार? त्याला इचारा पार्ट मिळतो का.” आणि मग, “आतलं गिअर प्लास्टिकचं असतंय बऱ्याच स्वस्तातल्या. चांगलं चालतंय. पण जीन्सचं सहा पदर रोज घालू नका त्याला.”

पिशवीचा बंद जोडताना सात पदर होतात. २३ पिशव्या, प्रत्येकीला चार जोड. वहीत गोल करून ठेवलं.

७ जुलै, रविवार

मशीन काल घरी आलं. चाकाला बोट लावलं की फिरतं. आवाज पूर्वीचाच, लहानपणी दुपारी झोपेत ऐकलेला, फक्त आता त्याच्या मागे मोटरची भुणभुण.

आणि तासभर टीपच पडेना. दोरा वर-खाली जातो, बॉबिनचा दोरा वर येतच नाही. परत ओवलं. बॉबिन केस काढून परत बसवली. सुई नवी होती, मीच आज लावली होती, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायचं मनात आलं नाही. शेवटी काकूंना पुण्याला फोन. “सपाट बाजू कुठे केलीस?”

काकूंच्या मशीनवर सुईची सपाट बाजू मागे असायची आणि दोरा समोरून मागे ओवायचा. या जुन्या काळ्या मशीनला शटल बाजूला उभं असतं, म्हणून सपाट बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. सुईला सपाट बाजूजवळ एक खोलगट खाच असते. सुई वर उचलली जाताना दोऱ्याचा छोटा फुगा तिथे तयार होतो आणि शटलचं टोक त्या फुग्यातून जातं. खाच शटलकडे नसेल तर टोक नुसतंच बाजूने निघून जातं. सुई फिरवली, चाक हाताने एकदा वळवलं, निळा दोरा गुपचूप वर आला.

मग गाठोडं. सूटिंग चार पदर: छान. उंचवटा: मोटर कण्हली, हाताने चाक फिरवून पार केला, टाके समान. चादर: छान. धोतर, ११ नंबर सुईने: अतिशय सुंदर. इथे प्लेटचं भोक गोल आणि सुईपुरतंच, कापड आत खेचायला जागाच नाही. होजिअरी: टीप पडली, पण ताणल्यावर दोरा कट्कन तुटला. सरळ टाक्याला ताण माहीतच नाही.

तर आता प्रश्न बदलला. जाडजूड आणि सरळ काम इथे होतं. उरले ९,०५०. त्यात होजिअरी आणि कडा सांभाळणारं झिगझॅग हवं.

१४ जुलै, रविवार

दोन दुकानं, गाठोडं घेऊन. पहिल्या दुकानात मालकच बसले होते. गाठोडं सोडताना बघून म्हणाले, “ताई, तुम्ही परीक्षा घ्यायलाच आलात,” आणि खुर्ची दिली. इथे पावणेदोन तास गेले.

पहिलं मशीन (सहा टाके, सगळ्यात स्वस्त): होजिअरीवर झिगझॅग घातलं तर मधले टाके गाळतंय. मी मनात फुली मारली. मालकांनी मात्र खणातून वेगळी सुई काढली, स्ट्रेचची, ११ नंबर, आणि परत घातली. एकही टाका गळला नाही. साधी सुई टोकदार, ती विणीच्या कापडाचे फासे कापत किंवा ढकलत जाते. स्ट्रेच सुईचं टोक गोलसर, ते फासा बाजूला सारून आत जातं. मागच्या रविवारी माझ्याच सुईने मला फिरवलं होतं, तरी मी मशीनलाच नाव ठेवत होते. फुली खोडली.

दुसरं (तेरा टाके, दोन हजारांनी महाग): होजिअरी तशीच चांगली, धोतरही. काज जरा देखणं. जास्तीच्या टाक्यांत दोन उपयोगाचे, बाकी वेलबुट्टी.

तिसरं संगणकी, साठ टाके, बटण दाबलं की काज एका दमात. किंमत ऐकून मी कौतुकाने बघितलं आणि बाजूला झाले.

पण खरा फरक टाक्यांत नव्हता, पायात होता. मी प्रत्येक मशीनवर एकच गोष्ट केली: पेडल इतकं हलकं दाबायचं की फक्त एक टाका पडावा. पहिल्यावर पडला. एक, थांबा, एक, थांबा. दुसरं एकदम तीन-चार टाके उडी मारत होतं. झबल्याच्या गळ्याला तीन इंचांचं वळण असतं. तिथे तीन टाके उडाले तर गळा चौकोनी. मालक म्हणाले की पेडल बदलून देता येईल. असेलही. मी पहिल्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दुकानात माझं कापड लावू दिलं नाही. “डेमोसाठी आमचं कापड असतं.” नमस्कार करून निघाले.

१७ जुलै, आषाढी

उपवास, साबुदाणा, आणि एसटी स्टँडवरून पंढरीकडे लागलेली गर्दी. दुकानं नाहीत. पहिलं मशीन घ्यायचं असं मनात पक्कं. मिस्त्रींना फोन करून मॉडेल सांगितलं. “पार्ट हाय,” एवढंच बोलले आणि “माउली” म्हणून ठेवून दिला.

२१ जुलै, रविवार

घेतलं. ८,७०० ला सुटलं. स्ट्रेच सुया १६०, त्याच मशीनच्या प्लास्टिकच्या बॉबिन १२०. आधीचे २,९५० धरून ११,९३०. सत्तर रुपयांत दोघांचा दुकानाखाली चहा आणि भजी.

“दोन मशीनं कशाला?” यांचा प्रश्न रास्तच. सरळ टीप नवीनवरही पडते. पिशव्या शिवत नसते, तर मी एवढं एकच घेतलं असतं आणि आईचं बार्शीला सेटटॉप बॉक्सखाली सुखाने राहिलं असतं. पण नवीनवर तो सात पदरी उंचवटा दुकानातच घालून बघितला होता. सुई आत गेली, बाहेर यायला तयार होईना, आणि आतून दाणे भरडल्यासारखा आवाज. मालकांनी झटकन पेडलवरून माझा पाय बाजूला करायला लावला. वर्षाला ब्याण्णव वेळा तो आवाज ऐकायची माझी तयारी नाही.

यांना हे सगळं सांगायच्या ऐवजी मी गांधीजींना मध्ये आणलं. यंत्रांविषयी इतकं कडक बोलणाऱ्या माणसानेही १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून सूट दिली होती. हे म्हणाले, “एकच ना?”

२४ जुलै

नवीन मशीनवर कापडाखाली दोऱ्याचं घरटं. वरून टीप सरळ, खाली गुंताच गुंता, कापड प्लेटला शिवून टाकल्यासारखं. दोन चुका, दोन्ही माझ्या. पहिली, प्रेशर फूट खाली असतानाच दोरा ओवला. फूट खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, नुसता वरून जातो. आणि वरचा दोरा सैल असला की गुंता खालीच दिसतो, त्यामुळे माणूस बॉबिनला दोष देत बसतो. फूट वर करून परत ओवलं, घरटं गेलं.

दुसरी: त्या नादात आईच्या धातूच्या बॉबिनपैकी एक इकडे घातली होती. दिसायला सारखीच. जवळजवळ ठेवून डोळ्यांच्या रेषेत धरली तेव्हा दिसलं, आईचीच्या बाजू एकदम सपाट आणि नवीनची किंचित फुगीर. घातली जाते, फिरतेही, पण खडखडते. आता दोन डबे: बिस्किटांचा आईच्या मशीनला, अमृतांजनच्या बाटल्यांचा जुना खोका नवीनला.

१ ऑगस्ट

सोमवारी, २९ तारखेला, मुलगी झाली. वहिनी माहेरी मोहोळला, दोघी ठीक. बारावा दिवस ९ ऑगस्ट.

कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. ९ तारखेला नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईलाही हात लावायचा नाही. म्हणजे एखादी नाडी ऐनवेळी तिथे जाऊन लावते, हा माझा मार्ग बंद. ८ च्या रात्री सगळं हातावेगळं हवं.

४ ऑगस्ट, रविवार

पहिलं झबलं आजोबांच्या धोतराचं, काळ्या मशीनवर. बाळाच्या अंगाला शिवणीची कड लागू नये म्हणून आधी कापडाची उलटी बाजू आतल्या अंगाला ठेवून पाव इंचाहून कमी टीप घातली, मग कड अगदी बारीक कातरून कापड उलटवलं आणि ती कड आत बंद होईल अशी दुसरी टीप. आतून-बाहेरून कुठेच धागा सुटा नाही. पाठीला नाड्या, बटण नाही. एका झबल्याला पन्नास मिनिटं, त्यातली वीस नाड्या उलटवण्यात. नाडीच्या टोकात दोरा अडकवून सुईची बोथट बाजू आतून ओढायची, आणि ती मध्येच अडकली की देवाचं नाव घ्यायचं.

होजिअरीची दोन झबली नवीनवर. अरुंद झिगझॅग, रुंदी दीड, लांबी अडीच. शिवण ताणून बघितली, कापडाबरोबर ताणली गेली, परत जागेवर आली. कापड हाताने ओढायचं नाही, नाहीतर कड लाटांसारखी होते. पहिल्याची झाली. ते झबलं मी ठेवून घेतलं, कुणाला दाखवणार नाही.

८ ऑगस्ट, रात्री

चार झबली, दोन टोपडी, तीन दुपटी तयार. गोधडीची कड राहिली होती: आईच्या दोन साड्या, मध्ये जुनी चादर, कडेला खणाची पट्टी. जाड, म्हणून काळ्या मशीनवर. दहा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. वीतभर कमी दोन फूट शिवण बाकी.

यांनी मोबाइलचा उजेड धरला. पट्टा मोटरवरून उतरवला आणि उजव्या हाताने चाक फिरवत, डाव्याने गोधडी सरकवत शिवलं. एकेक टाका मोजता येत होता. नव्या मशीनकडे बघून हे म्हणाले, “याचं चाक फिरत नाही?” फिरतं की. पण गोधडी त्याच्या फुटाखाली मावत नाही. अकराला पाच कमी असताना दोरा कापला आणि कात्री कपाटात ठेवली.

१८ ऑगस्ट, रविवार

बारशाला सगळ्यांनी झबली हातात घेऊन उलटसुलट बघितली. आईने गोधडीच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला, एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, “इथून पुढे टाके बारीक आहेत.” वीज गेली होती ती हीच जागा.

स्टँड दिवाळीला बार्शीहून आणायचा, टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय. दोन्ही मशीनं पुसून तेल दिलं, मशीनचंच. आईला एक बाटली नेऊन दिली, तिला आता त्याचा काहीही उपयोग नसला तरी.

दुपारी अक्कलकोट रोडवरून फोन. ते सिंगल नीडल अजून तिथेच आहे, १२,५०० ला देतो म्हणाले. “बघते” म्हटलं. फोन ठेवून खिडकीखालची जागा टेपने मोजली. तीन फूट दहा इंच.